योकुल्सारलोनला पहिल्यांदा जाताय? मग हिमनगांचा तलाव घाईत उरकू नका

आइसलँडचा प्लॅन करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या लिस्टमध्ये योकुल्सारलोन असतंच. काळी वाळू, पाण्यात तरंगणारे निळे-पांढरे हिमनग, मागे हिमनदी, हे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात. आणि मग प्लॅन काय होतो, तर राजधानी रेक्याविकहून पहाटे निघायचं, तलावावर तासभर थांबायचं, रात्री परत यायचं. जाऊन येऊन साडेसातशे किलोमीटर होतात, चौदा-पंधरा तास जातात आणि त्यातला तलावाच्या वाट्याला येणारा वेळ जेमतेम. डे टूर विकणारे बरेच आहेत आणि ज्याच्याकडे खरंच एकच दिवस आहे त्याने खुशाल जावं, पण जमत असेल तर तलावापासून तासाभराच्या आत कुठेतरी एक रात्र मुक्काम करा. का ते पुढे भरती-ओहोटीचं सांगतो तेव्हा कळेल, कारण इथलं सगळं गणित त्यावर आहे.

आधी जागा समजून घ्या

आइसलँडच्या आग्नेय कोपऱ्यात वात्नायोकुल नावाची प्रचंड बर्फाची टोपी आहे, देशाचा साधारण आठ टक्के भाग नुसता त्याच्याखाली गेलाय. तिच्यातून खाली उतरणाऱ्या हिमनद्यांपैकी एक म्हणजे ब्रेयदामेर्कुरयोकुल. साधारण १९३० पर्यंत ही हिमनदी समुद्राच्या बरीच जवळ होती आणि आत्ता जिथे तलाव आहे तिथे तेव्हा बर्फच होता. मग ती मागे सरकायला लागली, तिने खोदून ठेवलेल्या खोल खड्ड्यात पाणी भरत गेलं आणि १९३४-३५ च्या सुमारास तलाव दिसू लागला. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या वयाचा तलाव आहे आणि अजून वाढतोच आहे. खोली जवळपास अडीचशे मीटर, देशातला सगळ्यात खोल तलाव हाच. २०१७ मध्ये तो वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात आला आणि २०१९ मध्ये ते उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, त्यामुळे नियम आता बऱ्यापैकी कडक आहेत, परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही हे त्यातलंच एक.

तलावातून एक छोटीशी नदी निघते आणि लगेच समुद्राला मिळते. तिच्यावरून हायवेचा पूल जातो, १९६७ चा. पुलाच्या एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आणि डायमंड बीच. या दोन गोष्टी वेगवेगळ्या नाहीत, चालत पाच-दहा मिनिटांचं अंतर आहे, बरेच लोक एक बघून दुसरं विसरतात.

महिना कुठला निवडायचा

"बेस्ट टाइम कुठला" याला एक उत्तर नाही, तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. बोटीत बसून हिमनगांमधून फिरायचंय तर साधारण मे ते ऑक्टोबर, हिवाळ्यात बोटी बंद असतात. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, रात्री अकरा वाजता सुद्धा आरामात फोटो निघतात आणि तोपर्यंत टूर बसेस गेलेल्या असतात, मला विचाराल तर हीच वेळ सगळ्यात भारी. बर्फाच्या निळ्या गुहेत जायचंय तर नोव्हेंबर ते मार्च. नॉर्दर्न लाइट्स सप्टेंबर ते एप्रिल, तेही आकाश मोकळं असेल तर, नाहीतर पैसे भरून अंधार बघायचा. डिसेंबरमध्ये उजेड जेमतेम पाच तास मिळतो हे लक्षात ठेवा, "आठ वाजता निघून दुपारी चारपर्यंत सगळं बघू" असलं गणित तिथे चालत नाही.

पहिल्यांदा जाताय, गाडी स्वतः चालवणार, बरोबर आई-बाबा किंवा मुलं आहेत, तर जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टला हवा चांगली असते पण गर्दी आणि रूमचे भाव बघून घाम फुटतो.

व्हिसा, लायसन्स, गाडी

आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांचा इथे गोंधळ होतो, ग्रीन कार्ड आहे म्हणजे चालेल असं वाटतं, नाही चालत, पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसा पाहिजेच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवस ही शेवटची हद्द, पण तेवढ्यावर कोणी विसंबू नये, उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंटच मिळत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोच्या मेडिकल कव्हरचा हवा. भारतातून थेट विमान नाही, लंडन, फ्रँकफर्ट, कोपनहेगन असं कुठूनतरी बदलून केफ्लाविकला उतरायचं. इंग्लंडमार्गे जात असाल तर तिथल्या ट्रान्झिटचे नियम वेगळे बघा.

गाडी घेणार असाल तर ऑटोमॅटिकच घ्या. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे, त्यात गिअर उजव्या हाताने टाकायची सवय लावत बसलात तर पहिला दिवस त्यातच जाईल. बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक असं निवडा, तिथे जाऊन बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. भारतीय लायसन्सवर माहिती इंग्रजीत असेल तर सहसा चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलेलं बरं, काउंटरवर वाद घालायची वेळ येत नाही. उन्हाळ्यात फक्त तलावापर्यंत जायला साधी टू-व्हील ड्राइव्ह गाडी पुरते, सगळा रस्ता डांबरी आहे, हिवाळ्यात मात्र फोर-बाय-फोर आणि खिळेवाले टायर.

इन्शुरन्स निवडताना एक गोष्ट: वाऱ्याने गाडीचा दरवाजा उपटला गेला तर बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. हसू येतं ऐकून, पण तिथे हे खरंच नेहमी होतं. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून लावा, उतरताना दरवाजा हाताने घट्ट धरून हळू उघडा आणि मागे बसलेल्या मुलांना स्वतः दार उघडू देऊ नका. वाळू आणि राखेसाठी वेगळं कव्हर मिळतं, या भागातून जाणार असाल तर ते घ्यावं असं माझं मत, कारण वाटेत मैलोन् मैल उघडं काळं वाळवंट आहे आणि वारं सुटलं की तीच वाळू गाडीचा रंग खरवडते.

रस्ता

सोपा आहे. रिंग रोड, म्हणजे हायवे नंबर एक, रेक्याविकहून पूर्वेकडे धरायचा आणि सोडायचाच नाही. साधारण ३७५ किलोमीटर, न थांबता पाच तास, पण न थांबता कोणी जात नाही, वाटेत धबधबे आहेत, विकचा काळा समुद्रकिनारा आहे, त्यामुळे पूर्ण दिवस धरा. खरं तर पहिल्या रात्री विक किंवा क्लाउस्तुरला थांबा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आरामात तलावावर, आणि दुसरी रात्र हॉफ्नला, तलावापासून ८० किलोमीटर पुढे. हा सगळ्यात सुटसुटीत प्लॅन. परतीचा दिवस वेगळा धरायला विसरू नका.

स्पीड लिमिट डांबरी रस्त्यावर ९०, आणि रिकामा सरळ रस्ता दिसला म्हणून पाय दाबू नका, कॅमेरे आहेत आणि दंड जबरदस्त असतो. हेडलाइट दिवसा पण चालू ठेवायचे. बरेच पूल एकेरी आहेत, तलावाजवळचा पूल सुद्धा, तिथे जो आधी पुलाजवळ पोचला तो आधी जातो, दुसऱ्याने थांबायचं, उगाच दामटायचं नाही. आणि फोटोसाठी रस्त्याच्या मधेच गाडी थांबवायची नाही. मेंढ्या आडव्या येतात तेव्हा मात्र थांबावंच लागतं.

पेट्रोलचं नीट ऐका. तलावावर पंप नाही. पश्चिमेकडून येताना शेवटचा पंप राष्ट्रीय उद्यानातल्या स्काफ्ताफेलजवळ फ्रेयस्नेसला, त्यानंतर थेट हॉफ्न. अर्ध्यावर काटा आला की भरून घ्या. बरेच पंप बिनमाणसांचे आहेत, कार्ड घालून पिन टाकावा लागतो, तेव्हा कार्डाचा पिन पाठ हवा आणि इंटरनॅशनल व्यवहार चालू केलेले हवेत. रोख पैसे बदलून न्यायची गरज नाही, सगळीकडे कार्ड चालतं.

स्काफ्ताफेलच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला वाकलेले, पिळवटलेले लोखंडी गर्डर दिसतील. १९९६ मध्ये बर्फाखालच्या ज्वालामुखीने बर्फ वितळवला, पाण्याचा लोंढा आला आणि अख्खा पूल घेऊन गेला, त्याचे हे अवशेष. रिंग रोड पूर्ण झाला तोच मुळी १९७४ मध्ये, याच पट्ट्यातल्या नद्यांवर पूल बांधल्यावर. पाच मिनिटं थांबा तिथे, पुढे ज्या बर्फाचे गोंडस फोटो काढणार आहात तो काय करू शकतो ते दिसतं.

निघायच्या आधी रोज सकाळी दोन गोष्टी बघायच्या, आइसलँडच्या हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज आणि रस्ते खात्याचा नकाशा. पाऊस असला तरी जाता येतं, वारं असेल तर नाही. या पट्ट्यात डोंगरावरून झोत खाली येतात आणि रस्ता कधीकधी चक्क बंद करतात. बंद म्हणजे बंद, बॅरिअर चुकवून जायचं नाही. इमर्जन्सी नंबर ११२, त्यांचं ॲप आहे ते आधीच टाकून ठेवा.

पोचल्यावर काय करायचं

पार्किंगला पैसे लागतात, साध्या गाडीला हजार क्रोनाच्या (तिथलं चलन) आसपास. गेट वगैरे काही नाही, कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, तुम्ही ॲपवर किंवा मशीनवर भरायचे. कोणी विचारलं नाही म्हणून न भरता गेलात तर बिल गाडीच्या कंपनीमार्फत वरचा खर्च लावून घरी येतं. टॉयलेट आहेत, छोटं कॅफे आहे, सीझनला फूड ट्रक उभे असतात, बस. कॅम्परव्हॅन घेतली असेल तर पार्किंगमध्ये रात्री झोपायला परवानगी नाही, कॅम्पसाइटवरच जावं लागतं.

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी नदीतून उलटं तलावात शिरतं, म्हणून तलावाचं पाणी थोडं खारट असतं आणि त्याबरोबर मासे आत येतात, माशांमागे सील. ओहोटी लागली की पाणी जोरात बाहेर ओढलं जातं आणि वितळून लहान झालेले हिमनग पुलाखालून धक्के खात समुद्रात जातात. मोठे नग तोंडापाशी उथळ जागेत अडकून बसतात, पुरेसे झिजल्याशिवाय त्यांची सुटका नाही. बाहेर गेलेला बर्फ लाटा परत किनाऱ्यावर आणून टाकतात, तो डायमंड बीच. म्हणजे एकाच दिवशी सकाळी बीचवर बर्फाचे पन्नास तुकडे आणि संध्याकाळी तीन असं होऊ शकतं, कधी पश्चिमेच्या बाजूला सगळा बर्फ आणि पूर्वेला काहीच नाही, वारं आणि प्रवाह ठरवतात. "आम्ही गेलो तर बीचवर काहीच नव्हतं" म्हणणारे बरेचसे एकाच बाजूला एकदाच गेलेले असतात. हॉफ्नच्या भरती-ओहोटीच्या वेळा नेटवर मिळतात, ओहोटी निम्मी उतरली की पुलाच्या आसपास उभे राहा, नग बाहेर पडताना दिसतील, आणि ओहोटी पूर्ण उतरत आली की बीचवर जा. दोन्ही बाजूंना पार्किंग आहे, दोन्हीकडे बघा. मुक्काम करा म्हणतो तो यासाठीच, एक वेळ हुकली तर दुसरी मिळते.

बीचवरचा बर्फ जवळून बघा, वाकून बघा. आपल्या मासळी बाजारातल्या बर्फाच्या लादीत मधोमध पांढरट गाभा असतो ना, ती अडकलेली हवा, तसं यात नसतं, वर पडणाऱ्या बर्फाच्या वजनाने शेकडो वर्षं दाबून दाबून बहुतेक हवा निघून गेलेली असते, म्हणून तुकडा काचेसारखा आरपार दिसतो आणि खालच्या काळ्या वाळूचा एकेक कण मोजता येतो. जे काही थोडे बुडबुडे उरलेत ते वितळताना बारीक तडतड आवाज येतो, कान जवळ नेला तर ऐकू येईल, वारं नसेल तर. मोठ्या नगांचा निळा रंग पण यातूनच, दाट बर्फ लाल उजेड गिळतो आणि निळा सोडतो. नग नुकताच पलटला असेल तर तो गडद निळा दिसतो, मग उन्हा-वाऱ्यात पांढरा पडत जातो. काही नगांवर काळे पट्टे असतात, ती घाण नाही, ज्वालामुखीची राख आहे, जुन्या उद्रेकांची, थरात अडकलेली.

बोट

दोन प्रकार आहेत. एक मोठी चाकांची बोट, ती किनाऱ्यावरून ट्रकसारखी धडधडत जाते आणि सरळ पाण्यात उतरते, साधारण अर्धा-पाऊण तास, आई-बाबांना, मुलांना हीच बरी, चढायला शिडी आहे तेवढं सांभाळायचं. गाइड बहुतेक वेळा पाण्यातून स्वच्छ बर्फाचा एक तुकडा काढून हातात देतो, चाखायला पण देतो. दुसरी झोडियाक, छोटी रबराची वेगवान बोट, तासाभराची, हिमनदीच्या भिंतीच्या दिशेने लांबवर नेते, थंडीचा सूट ते देतात. लहान मुलांना त्यात घेत नाहीत, वयाची आणि उंचीची अट असते. पैसे जास्त आहेत, पण धडधाकट असाल तर झोडियाकच घ्या, चाकांच्या बोटीतून जे दिसतं त्यातलं निम्मं काठावरून फुकट पण दिसतं. दोन्ही आधी ऑनलाइन बुक करा, वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून, तेवढं वाचून घ्या.

बोट नको असेल तर काठाने चालत जा. पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटं पुढे गेलं की गर्दी संपते. मुरुमाचे उंचवटे आहेत, त्यावर चढलं की अख्खा तलाव दिसतो.

बर्फाची गुहा बघायची तर गाइडबरोबरच, स्वतःहून हिमनदीवर पाऊल टाकायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच हिमनदीत बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला, तेही ग्रुप टूरमध्ये असताना. म्हणून भर उन्हाळ्यात कोणी गुहा दाखवतो म्हटलं तर मी तरी जाणार नाही, बर्फ घट्ट असतो तो कडाक्याच्या थंडीत.

जीव सांभाळा, खरंच

तीन गोष्टी. तलावातल्या हिमनगावर चढायचं नाही, काठाला टेकलेला दिसला तरी नाही. नव्वद टक्के भाग पाण्याखाली असतो आणि नग कुठलीही सूचना न देता उलटतो, पाणी शून्याच्या आसपास, पडलात तर काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. दुसरं, बीचवर समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचे नाहीत, दहा लाटा शांत येतात आणि अकरावी गुडघ्यापर्यंत येते, तिच्याबरोबर बर्फाचे जड तुकडेही आदळतात. मुलाला बर्फाच्या तुकड्यावर बसवून फोटो काढणारे आईवडील बघितले की मला भीती वाटते. तिसरं, हिवाळ्यात बुटांना लावायचे काटे घेऊन जा, पार्किंगमध्येच घसरून हात मोडणारे कमी नाहीत.

मे ते जुलैमध्ये आर्क्टिक टर्न नावाचे पक्षी तिथे घरटी करतात आणि जवळ गेलं की डोक्यावर टोचा मारतात. हात किंवा काठी डोक्याच्या वर धरली की ते सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतात, डोकं वाचतं. घरट्यांच्या बाजूला न गेलेलं उत्तम.

कपडे आणि खाणं

आत थर्मल, मधे लोकरीचं किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. जूनमध्ये पण हेच. जीन्स घालू नका, भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री तर न्यायचीच नाही, पहिल्या झोतात उलटी. कानटोपी, हातमोजे, आणि गॉगल सुद्धा, बर्फावरून उजेड डोळ्यात जातो. मोज्यांचा एक जास्तीचा जोड गाडीत ठेवा.

खाण्याचं शाकाहारी लोकांना अवघड जातं, तलावावर मासे आणि चिप्स असा प्रकार जास्त. सेल्फॉस किंवा विकच्या सुपरमार्केटमध्ये ब्रेड, फळं, दही घेऊन ठेवा, त्यांचं स्कीर नावाचं घट्ट दही आपल्या चक्क्याच्या जवळ जातं, साखर घालून मस्त लागतं. घरून थेपले, इन्स्टंट पोहे-उपमा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या, हॉटेलच्या किटलीत पाणी गरम होतं. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेऊ देत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे घरीच ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी उत्तम असतं, गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकाचा, अंघोळीला काही त्रास नाही.

वेळ उरला तर

पश्चिमेला दहा किलोमीटरवर फ्यात्लसारलोन आहे, छोटा तलाव, तिथे हिमनदीची भिंत बरीच जवळ दिसते आणि माणसं निम्मी. योकुल्सारलोनच्या बोटी फुल असतील तर इथे झोडियाक मिळण्याची शक्यता जास्त. संध्याकाळी हॉफ्नला जाणार असाल तर हा तलाव आधी करा, मग मोठा, आणि दुसऱ्या दिवशी परत येताना ओहोटीची वेळ बघून डायमंड बीचला पुन्हा थांबा. पार्किंगचे पैसे परत भरावे लागतील.